टेकडीची एएमसी कोण भरणार?

आमच्या धंद्यात एक शब्द चहाइतक्या वेळा निघतो : एएमसी. वार्षिक देखभाल करार. कॉलेजात नवी लॅब होते, रॅक उभा राहतो, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या म्हणजे स्विच चढतात, भिंतीतून निळ्या केबल ओढल्या जातात. पहिल्या दिवशी पाहुणे येतात, नारळ फुटतो, सगळे दिवे हिरवे लुकलुकत असतात, फोटो निघतो. वर्ष सरतं. देखभालीचं कोटेशन टेबलावर येतं आणि हिशेबाचा माणूस चष्म्यावरून बघत विचारतो, "चालतंय ना सगळं? मग पैसे कशाचे?" चालतंय ते चालत राहावं म्हणून, हे त्याला पटवणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड पेपर आहे. एका वर्षी नाहीच पटलं. त्या वर्षी ऐन ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी रॅकचा पंखा धुळीने बसला, स्विच तापून गचकला, आणि साठ पोरं काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. नवा स्विच मात्र दुपारपर्यंत मंजूर झाला. नव्या वस्तूला पैसे असतातच.

मी कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवतो, त्याला पंचवीस वर्षं होत आली. सुरुवातीच्या लॅबमध्ये काळी कोॲक्सिअल केबल होती; एका टोकाची टोपी, म्हणजे टर्मिनेटर, कुणी काढला की अख्खी रांग बंद. मग आठ तारांची केबल आली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम आमची पोरं पाढ्यासारखा म्हणतात. मग वायफाय, मग क्लाऊड. पाच-सात वर्षांनी निम्मा अभ्यासक्रम रद्दीत जातो. आणि गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी मी पुण्याच्या कडेच्या एका टेकडीवर असतो. हातात कुदळ, पायांत जुने बूट, मोज्यांत कुसळं. आमचा दहा-बारा जणांचा गट तिथे घाणेरीची (लँटाना) झुडपं काढतो, पाणी मुरवणारे चर साफ करतो, वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे म्हणजे जाळरेषा राखतो, गवताचं बी गोळा करतो.

या दोन कामांचा संबंध काय, असं लोक विचारतात. त्यांना हवं असलेलं उत्तर मला ठाऊक आहे. जंगल म्हणजे निसर्गाचं इंटरनेट, मुळांना बुरशीच्या केबल, झाडं एकमेकांना निरोप पाठवतात, वगैरे. कॅनडाच्या सुझान सिमर्ड यांनी १९९७ मध्ये बुरशीच्या जाळ्यातून झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण दाखवली, तेव्हापासून ही उपमा जगभर फिरते आहे. पण २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या संशोधकांनी सगळे पुरावे पुन्हा चाळले आणि यातले बरेच दावे पुराव्याच्या पुढे पळालेत, असं लिहिलं. त्यामुळे ती उपमा मी वर्गात वापरत नाही, इथेही वापरणार नाही. माझा संबंध जमाखर्चाचा आहे. आपण बसवण्याला पैसे देतो आणि चालवण्याला देत नाही. नेटवर्कच्या बाबतीत ही खोड महागात पडते. टेकड्यांच्या आणि माळरानांच्या बाबतीत ती आपण राज्याचं धोरण करून टाकली आहे.

आधी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्हीही रोपं लावायलाच गेलो होतो. टेकडीच्या मागच्या बाजूला एक मोठा उघडा उतार होता. जूनमध्ये आम्ही तिथे दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले. वड, पिंपळ, कडुनिंब, कुणाच्या तरी आग्रहाने बदामही. तिसऱ्या रविवारी एक म्हातारे मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर, ह्ये खड्डे कशापायी? मेंढराचा पाय मोडायचा एखाद्या."

"झाडं लावतोय, बाबा. सगळं उजाड पडलंय."

"उजाड?" ते हसले. "गवत दिसंना व्हय तुम्हाला?"

खरंच दिसलं नव्हतं. जूनचा महिना, गवताची ठोंबं वाळकी, आणि आमच्या डोक्यात हिरवं म्हणजे झाड. पुढच्या उन्हाळ्यात निम्मीही रोपं उरली नाहीत. खड्ड्यांसाठी उकरलेल्या मातीत मात्र गाजर गवत जोमाने आलं. जिथे पवन्या आणि कुसळी ही माळावरची गवतं होती, तिथे आम्ही कष्ट करून तण पेरलं होतं. गाजर गवताची भारतातली पहिली नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातलीच आहे. त्याच्या वाटचालीत आमचाही हातभार लागला म्हणायचा.

कुसळी हे गवत एकदा हातात घेऊन बघावं. बीला लांब शेपूट असते. ओल लागली की ती शेपूट पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते, आणि या उलटसुलट फिरण्याने बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. मोज्यातही तसंच शिरतं. हे गवत वाढतं कमी पावसाच्या, उथळ मुरमाच्या, कडक उन्हाच्या जागी. तिथे दाट जंगल कधी नव्हतं. दख्खनचं पठार पूर्वी घनदाट अरण्य होतं आणि माणसाने तोडून त्याचा माळ केला, अशी समजूत आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेपासून बाळगलेली असते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले झाडा-गवतांचे उल्लेख शोधून काढले, तर तिथे भेटली ती हिवर, खैर, पळस, बाभूळ अशी उघड्या माळावरची झाडं. म्हणजे हे गवताळ रान निदान साडेसातशे वर्षं इथे आहे. आपली भाषा जेवढी जुनी लिहिलेली सापडते, जवळपास तेवढंच.

सरकारी दप्तरात मात्र त्याचं नाव 'पडीक'. इंग्रजांच्या महसुलाच्या हिशेबात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, आणि स्वातंत्र्यानंतर आपण ती वही तशीच पुढे चालवली. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं आणि दरवर्षी ५० लाख हेक्टरांवर लागवडीचं उद्दिष्ट ठरलं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प आला तो याच दशकात. मूळचा मध्य अमेरिकेचा, पाण्याविना तगणारा, शेळ्या फारसं तोंड न लावणारा. लावला की जगणार याची खात्री, म्हणून लावला. त्याच्याबरोबर सुबाभूळ, जिला शेतकऱ्यांनी पुढे कुबाभूळ म्हटलं. झाडांवर माझा राग नाही. भातशेतीत गिरिपुष्पाचा पाला उत्तम हिरवळीचं खत होतो. पण टेकडीवर ओळीने लावलेल्या गिरिपुष्पाखाली उभं राहून बघा. पाचोळ्याखाली गवताचं ठोंब क्वचित सापडतं, आणि चंडोल किंवा टिटवी तर तिथे येऊन बसायचं कारणच नाही. ही जमिनीवर घरटी करणारी पाखरं; त्यांना चहूकडे दिसेल अशी मोकळी जागा लागते.

आता अलीकडचे आकडे बघू. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्राने एका दिवसात दोन कोटी रोपं लावायचं ठरवलं. मग २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहेतीस कोटी. शेवटच्या टप्प्याला जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने होते, म्हणजे दिवसाला साधारण ३६ लाख खड्डे, रोज, रविवार धरून. एवढ्या खड्ड्यांना जागा कुठे मिळणार? जिथे आधीच झाडं आहेत तिथे नाही आणि शेतातही फारशी नाही. जागा मिळते ती 'पडीक' जमिनीवर. केंद्राने २०२४ च्या फेब्रुवारीत हरित पत योजनेचे, म्हणजे झाडं लावणाऱ्याला पत (क्रेडिट) देणाऱ्या योजनेचे, जे निकष काढले त्यात हेक्टरी किमान ११०० झाडं आणि प्रत्येक झाडाला एक पत असा हिशेब होता. पुढे हे निकष बदलले, ही चांगली गोष्ट. पण पहिल्या फटक्यात आपल्या हाताने कागदावर काय लिहिलं हे महत्त्वाचं आहे. हेक्टरी अकराशे झाडं लावली की माळरानाचं माळरानपण संपतं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य १९७९ मध्ये झालं. त्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे. तो झाडीत राहत नाही.

"पण सर, रोपं जगली की नाही हे आता बघतात. जिओ-टॅग करतात, म्हणजे जागेच्या नोंदीसकट फोटो काढतात." हा युक्तिवाद माझ्या एका माजी विद्यार्थ्यानेच केला. त्याला मी त्याच्याच भाषेत उत्तर दिलं. नेटवर्कमध्ये पिंग नावाची छोटी आज्ञा आहे. १९८३ मध्ये माइक म्यूस नावाच्या माणसाने लिहिली, अजून रोज वापरतो. समोरच्या मशीनला हाक मारायची, तिने 'ओ' दिली की ती जिवंत. पहिल्या वर्षाची पोरं पिंगला उत्तर आलं की उड्या मारतात. दुसऱ्या वर्षात कळतं की मशीन 'ओ' देत असते आणि तिच्यावरचा डेटाबेस केव्हाच झोपलेला असतो. रोपाचा जिओ-टॅग हे पिंग आहे. रोप जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. त्या जागेचं काम चालू आहे का, पाणी मुरतंय का, गवत बी धरतंय का, धाविक हा माळावरचा पक्षी परत आलाय का, हे त्या फोटोत नसतं. उलट चुकीच्या जागी लावलेलं रोप जितकं टणटणीत जगेल तितकं नुकसान जास्त. जास्त केबल म्हणजे जास्त मजबूत नेटवर्क असंही पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटतं. मग एखादा एकाच स्विचच्या दोन पोर्टमध्ये एकाच केबलची दोन टोकं घालतो, तेच निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळी लॅब गुदमरते.

मग अधिवास सुधारण्याचं काम म्हणजे करायचं काय? आधी काढायचं. हे वाक्य सभेत म्हटलं की शांतता पसरते, कारण काढण्याचा सत्कार होत नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आली. ती वरून छाटली की दुप्पट फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी दाखवलेली पद्धत अशी की जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. हे करायला हवं पावसात, माती मऊ असताना आणि काळी फळं धरायच्या आत. कारण फळं धरली की बुलबुल पुढचं काम फुकट करून टाकतात. एवढं करूनही जमिनीत पडलेलं बी उगवतच राहतं. म्हणून त्याच जागी पुढच्या पावसात, त्याच्या पुढच्या पावसात, पुन्हा जायचं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गवताची ठोंबं दिसायला लागतात. ती कुणी लावलेली नसतात.

कॉसमॉस या बाहेरून आलेल्या फुलझाडाची गोष्ट तर आणखी पंचाईतीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात टेकड्या नारिंगी होतात, लोक मुलाबाळांसह फोटो काढायला येतात, आणि आम्ही ती फुलं उपटत असतो. शिव्या खाल्ल्यात. एका बाईंनी विचारलं, "तुम्हाला निसर्ग आवडत नाही का हो?" त्यांना दोष देत नाही. पहिल्या वर्षी जूनमध्ये खड्डे घेणारा मी त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हतो.

परवानगीचाही घोळ आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागात झाडं जपण्यासाठी १९७५ चा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. तो नसता तर आज रस्त्याकडेला सावली उरली नसती. टेकडी वनखात्याची असेल तर त्यांचे नियम वेगळे. परिणाम असा की चुकीचं झाड लावायला उत्साही माणूस आणि एक कुदळ पुरते, आणि ते टप्प्याटप्प्याने काढून तिथे गवत आणायचं तर कागदांची चळत लागते. यात लबाडीचा धोका आहे हे मान्य. 'परदेशी झाडं काढतो' म्हणून टेकडी मोकळी करायची आणि मग तिथून रस्ता काढायचा, असं होऊ शकतं. पुण्यातल्या ज्या माणसांनी वेताळ टेकडीवरच्या रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये मोर्चे काढले, ती माणसं झाड काढण्याच्या कुठल्याही प्रस्तावाकडे संशयाने बघतात, आणि त्यांचा अनुभव बघता ते चूक नाहीत. म्हणून मला मोकळीक नको आहे. मला पंधरा-वीस वर्षांची जाहीर योजना हवी आहे, ज्यात या वर्षी कुठल्या तुकड्यातलं काय काढलं, पुढच्या वर्षी तिथे काय दिसलं, हे कुणालाही तपासता येईल.

आता स्वयंसेवकांबद्दल. हे माझ्याच जातकुळीतल्यांना आवडणार नाही. दहा जण रविवारी दोन तास राबले तर होतात वीस तास, म्हणजे अडीच मजूर-दिवस. तेही लॅपटॉपवर बसणारे हात. एवढ्या श्रमात टेकडी सुधारत नाही. तरीही 'स्वयंसेवक आहेतच की' म्हणून देखभालीच्या तरतुदीवर काट मारली जाते. कंपन्यांचे कायद्याखालचे सामाजिक जबाबदारीचे (सीएसआर) पैसे जुलैत टी-शर्ट घेऊन येतात आणि ऑगस्टमध्ये कळवतात की यंदाचा कार्यक्रम झाला. या राज्याने १९७० च्या दशकात रोजगार हमी देशाला शिकवली. घाणेरी काढणं, चर राखणं, जाळरेषा काढणं, गवत कापणं ही दरवर्षी येणारी मजुरीची कामं आहेत आणि टेकडीच्या पायथ्याच्या माणसाला त्याचे पैसे मिळायला हवेत. स्वयंसेवकाचा उपयोग वेगळा आहे. तो वर्षानुवर्षं त्याच जागी येतो, बघतो, लिहून ठेवतो. वनरक्षकाची बदली होते, नगरसेवक बदलतो, रविवारचा माणूस तोच असतो. आमच्या गटाकडे अकरा वर्षांच्या वह्या आहेत. आमची खरी कमाई ती.

आणि मेंढपाळ? अधिवास वाचवणाऱ्या शहरी माणसाची पहिली सूचना असते चराईबंदी. हिवरे बाजारने ती यशस्वी केली, पण ती गावाने स्वतःवर घालून घेतलेली बंदी होती, आणि पुढे वाढलेलं गवत कापून न्यायचा हक्कही गावाचाच होता. बाहेरच्याने कुंपण घालणं ही निराळी गोष्ट. कासच्या पठारावर कुंपण आणि चराईबंदीमुळे फुलं वाढली की उलट उंच गवताखाली दबली, हा वाद बराच रंगला. मला वाटतं, गवताळ रानाला तोंडं लागतात, प्रश्न किती आणि कधी एवढाच असतो. त्या म्हाताऱ्या बाबांना आम्ही पुढे विचारायला लागलो : कुठला तुकडा औंदा सोडायचा? ते सांगायचे, आम्ही तिथे काम करायचो. बाबा आता नाहीत. मुलगा हिंजवडीत सुरक्षारक्षक आहे. मेंढरं विकली.

राहिलं कॉलेज. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि सात दिवसांचं शिबिर करायचं. शंभर विद्यार्थ्यांचं एक युनिट धरलं तर दोन वर्षांत चोवीस हजार तास होतात. आज ते कुठे जातात? एक दिवस रोपं, एक दिवस रॅली, एक दिवस स्वच्छता, फोटो, अहवाल. त्यांतले निम्मे तास एकाच पाच हेक्टरांना दहा वर्षं बांधून द्या, एवढीच माझी मागणी आहे. बॅच बदलेल, जागा बदलणार नाही. दर वर्षी जुनी बॅच नव्या बॅचला वही आणि नकाशा सोपवेल. नेटवर्क दुसऱ्याच्या ताब्यात देताना आम्ही आकृती, केबलांची लेबलं, कुठल्या पोर्टला काय जोडलंय याची यादी देतो. ते शिकवायला लॅबपेक्षा टेकडी बरी, कारण तिथे लेबल चुकलं तर ते तीन वर्षांनी कळतं. पोरांना याचा नोकरीत उपयोग होईल का, असं पालक विचारतात. माझी बरीच पोरं रात्रपाळीत कुणाचं तरी नेटवर्क बंद पडू नये म्हणून स्क्रीनकडे बघत बसतात. काही घडलं नाही तर त्यांचं काम चोख झालं. अशा कामाचा अभिमान कसा बाळगायचा हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही.

गेल्या वर्षी मी हा प्रस्ताव रीतसर अर्ज करून दिला. छापील नमुना होता. कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, तारीख, सहभागी विद्यार्थी आणि 'लावण्यात येणाऱ्या रोपांची संख्या'. शेवटच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. अर्ज परत आला, त्या शून्याभोवती लाल पेनने गोल करून आणि बाजूला 'रकाना अपूर्ण' असा शेरा मारून. यंदा तोच अर्ज पुन्हा भरलाय. शून्य या खेपेला अक्षरी लिहिलंय.